नव्या घराशी ओळख

मे महिना आला की आंब्यांबरोबर आणखी एक गोष्ट दिसू लागते. टेम्पोवर बांधलेली कपाटं, गाद्या आणि वर उलटी ठेवलेली सायकल! कुणाची बदली, कुणाचा नवा फ्लॅट, कुणाचा भाडेकरार संपलेला. मग जूनमध्ये आमच्या वर्गात चार-पाच नवे चेहरे येतात. ‘कुठून आलास रे?’ विचारलं की गावाचं नाव फाडकन सांगतात. पण ‘आता राहतोस कुठे?’ म्हटलं की गाडी अडते. ‘बाई, ते... मारुतीच्या देवळामागे!’

तेव्हा पहिलं काम तुमचंच. पूर्ण पत्ता पाठ करा. घर क्रमांक, इमारत, रस्ता, जवळची खूण आणि पिनकोडचे सहा आकडे. अडचणीत 112 ला फोन लावलात, तर पलीकडचा माणूस आधी ‘कुठून बोलताय?’ हेच विचारणार. मदत देवळामागे येऊन शोधत बसली तर काय उपयोग?

आता आईबाबांचं बोट धरून घरभर एक चक्कर मारा. मेन स्विच कुठे आहे? पाण्याचा मुख्य कॉक कुठे आहे? नळ तुटून स्वयंपाकघरात तळं साचल्यावर शोधाशोध नको. विजेच्या मीटरचा आकडा पहिल्याच दिवशी वहीत लिहा, म्हणजे आधीच्या मंडळींची वीज आपल्या बिलात येणार नाही. एक गंमतही करून बघा. मोठ्यांना सांगून घरातले दिवे, पंखे, फ्रीज सगळं बंद करा आणि मीटरवरचा लुकलुकणारा लाल दिवा पाहा. तरीही तो लुकलुकतच राहिला, तर कुठेतरी वीज जातेय. इलेक्ट्रिशियनला बोलवायला हवं.

गॅसबद्दल मात्र जरा सावकाश वाचा. घरगुती गॅसला स्वतःचा वास जवळजवळ नसतो. गळती कळावी म्हणून त्यात उग्र वासाचा पदार्थ मुद्दाम मिसळतात. हा गॅस हवेपेक्षा जड, म्हणून तो वर न जाता जमिनीलगत साठतो. सामान हलवताना शेगडीची रबरी नळी ओढली जाते, मुरडते. जुनी नळी तशीच जोडू नका, बदलून घ्या. वास आला तर दिव्याचं बटण लावायचं नाही आणि चालू असलेलं बंदही करायचं नाही. दोन्ही वेळा ठिणगी उडू शकते. रेग्युलेटर बंद करायचा, दारं-खिडक्या उघडायच्या, बाहेर पडायचं आणि बाहेरूनच 1906 ला फोन करायचा. एकटे असाल तर आधी बाहेर पळा, बरं का!

सिलिंडरच्या वरच्या पट्टीवर ‘बी-27’ असं काही लिहिलेलं असतं. ती सिलिंडरच्या पुढच्या तपासणीची तारीख. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी म्हणजे एप्रिल ते जून, सी आणि डी तुम्हीच ओळखा. तारीख उलटलेली असेल तर सिलिंडर परत पाठवा.

पाण्याची टाकी पहिल्या आठवड्यात धुऊन घ्या. घर महिनोन् महिने बंद असेल तर टाकीच्या तळाशी काय काय सापडेल, ते न सांगितलेलंच बरं.

पालकांसाठी दोन शब्द. गॅसची नोंद, रेशनकार्ड, आधार, मतदारयादी, सगळीकडे पत्ता बदलायचाय. मतदारयादीसाठी फॉर्म 8 भरावा लागतो. पण या धावपळीत मुलाची शाळा मागे पडू देऊ नका. ‘जुन्या शाळेचा दाखला आला की पाठवू’ म्हणत काही पालक मुलाला महिनाभर घरी बसवतात. मला ते मुळीच पटत नाही. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्यानुसार पहिली ते आठवीच्या मुलाला, दाखला यायला उशीर झाला म्हणून सरकारी किंवा अनुदानित शाळेत प्रवेश नाकारता येत नाही. जुन्या शाळेच्या मुख्याध्यापकांनीही दाखला लगेच द्यायचा असतो. तोवर मूल वर्गात बसू शकतं. डबा आणि पाण्याची बाटली तेवढी द्या. वह्या-पुस्तकांचं खोकं सापडायला आठवडा लागणारच!