दस्तऐवजात नसलेला पक्षकार

नायगावहून वसईच्या कोटाकडे गेलेल्या माणसास पडक्या भिंती दिसतात. वकिलास मात्र तेथे दोन दस्तऐवज आठवतात. पहिला २३ डिसेंबर १५३४ चा. हुमायूनच्या भयाने गांजलेल्या गुजरातच्या बहादूरशहाने वसई व तिचा मुलूख, मुंबई बेटासह, पोर्तुगिजांस लिहून दिला. दुसरा ३१ डिसेंबर १८०२ चा. होळकरांपुढे पळालेल्या दुसऱ्या बाजीरावाने इंग्रजांची तैनाती फौज पत्करली. एकाने येथे फिरंगी राज्याचा पाया घातला, दुसऱ्याने मराठी राज्याचा पाया उखडला. परंतु दोन्ही कागदांत एक पक्षकार गैरहजर आहे. ज्याच्या शेतातून, मिठागरातून व जाळ्यातून कर वसूल व्हावयाचा होता, त्याची संमती कोणी विचारली नाही. पुढे १६६१ मध्ये मुंबई तर एका राजकन्येच्या हुंड्यात गेली, आणि १६६८ मध्ये इंग्लंडच्या राजाने ती वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीस दिली. माणसांसकट भाड्याने!

पौर्वात्य देशांतील पाश्चात्य सत्तेच्या उदयाचे कारण तोफा व जहाजे हे सांगितले जाते. ते खरे आहे, पण अपुरे आहे. येथील राजांनाही प्रजा ही जमिनीबरोबर हस्तांतरित होणारी वस्तूच वाटत होती. म्हणून विकत घेणाऱ्यास सौदा सोपा गेला. मे १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी वसई घेतली, हा पराक्रम निर्विवाद होय. तथापि फिरंगी गेल्याने अस्पृश्यांच्या गळ्यातील मडके उतरले काय, हा प्रश्न विचारल्यास आमचे काही इतिहासकार रागावतात. त्यांनी रागवावे, पण उत्तरही द्यावे.

हा कागदी न्याय जुन्या काळापुरताच होता असे वाचकांनी समजू नये. आमच्या जिल्ह्याच्या उत्तरेस लागून असलेली दादरा व नगर हवेली जुलै-ऑगस्ट १९५४ मध्ये मुक्त झाली. पोर्तुगालला १४ डिसेंबर १९५५ रोजी संयुक्त राष्ट्रसंघात प्रवेश मिळाला आणि आठच दिवसांत त्याने भारताविरुद्ध हेगच्या न्यायालयात दावा गुदरला. मागणी अशी की, दमणहून तेथे जाण्याचा मार्ग आमच्या हक्काचा आहे. पुरावा म्हणून पेशव्यांशी १७७९ मध्ये झालेला तह व १७८३ आणि १७८५ च्या सनदा पुढे आल्या. १२ एप्रिल १९६० च्या निकालात न्यायालयाने म्हटले की, पेशव्यांनी दिला तो महसुलाचा हक्क, सार्वभौमत्व नव्हे. परंतु इंग्रजांनी पुढे पोर्तुगिजांची सत्ता मान्य केली व भारतानेही ती तशीच चालू दिली. सामान्य माणसे, मुलकी अधिकारी व माल यांना वाट होती. सशस्त्र फौजेस नव्हती. हा दुसरा मुद्दा आठ विरुद्ध सात मतांनी ठरला. भारताने वाट रोखून कर्तव्यभंग केला नाही, असे नऊ विरुद्ध सहा मतांनी ठरले. एक-दोन मतांवर टिकलेला हा विजय होता, आणि त्यात सनदेतील शब्दांचा कीस निघाला तेवढा तेथील वारली, कोकणा, धोडिया यांच्या इच्छेचा निघाला नाही. त्यानंतर आठ महिन्यांनी, १४ डिसेंबर १९६० रोजी, राष्ट्रसंघाच्या आमसभेने लोकांस परकीय अंमलाखाली ठेवणे हेच सनदेविरुद्ध आहे असे जाहीर केले. वसाहतवादाचा कायदेशीर पाया येथे ढासळला, असे आमचे मत आहे. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला. पोर्तुगालने मात्र हे सारे मान्य केले ते ३१ डिसेंबर १९७४ च्या तहाने. बाजीरावाने सही केली तीच तारीख.

एवढ्यावर दाव्याची फाइल मिटत नाही. पोर्तुगीज अमदानीत नगर हवेलीत ‘अलवारा’ नावाच्या परवान्यांनी मोठाल्या जमिनी काही थोड्यांस दिल्या गेल्या होत्या. लागवडीची अट मोडली म्हणून कलेक्टरने १९७४ मध्ये ते अलवारे रद्द केले. त्यावरील दावे चालत राहिले, आणि सर्वोच्च न्यायालयाने कलेक्टरचा हुकूम कायम केला तो २०२५ मध्ये. झेंडा उतरण्यास दिवस पुरला. परवाना उतरण्यास एक्कावन्न वर्षे लागली. आता या जमिनींपैकी किती एकर प्रत्यक्ष कसणाऱ्या आदिवासीच्या नावे चढते, त्याचे उतारे मागितले पाहिजेत.