खारघरच्या पेशी आणि पाच लाखांची मर्यादा

सदोष जनुकाची उणीव भरून काढणे किंवा पेशींना नवे जनुक देऊन रोगाशी लढायला लावणे, या दोन्हींना जनुकोपचार म्हणतात. आणि या शास्त्राचा भारतातील एक निर्णायक टप्पा ठाण्याहून पनवेलला जाणाऱ्या ट्रान्स-हार्बर लोकलच्या वाटेवरील खारघरमध्ये गाठला गेला. तेथील टाटा स्मारक केंद्राच्या 'अॅक्ट्रेक' या संस्थेत जून २०२१ मध्ये, पवईच्या आयआयटीत प्रा. राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत घडवलेली कार-टी उपचारपद्धती प्रथमच एका रुग्णाला देण्यात आली. तिला 'नेक्सकार१९' या नावाने ऑक्टोबर २०२३ मध्ये केंद्रीय औषध नियामकाची मान्यता मिळाली.

या पद्धतीत रुग्णाच्याच रक्तातून टी-पेशी, म्हणजे संसर्गाशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, वेगळ्या काढतात. निरुपद्रवी केलेल्या विषाणूला वाहक बनवून त्यांच्यात एक नवे जनुक सोडतात, ज्यामुळे कर्करोगग्रस्त बी-पेशींवरील सीडी१९ हे प्रथिन त्यांना ओळखता येते. आणि प्रयोगशाळेत वाढवलेल्या या पेशी शिरेवाटे परत देतात. रक्ताच्या व लसिकाग्रंथींच्या काही कर्करोगांत, इतर उपाय थकल्यानंतर ही पद्धत वापरली जाते. चाचण्यांत सुमारे ७३ टक्के रुग्णांनी तिला प्रतिसाद दिला. म्हणजेच ती प्रत्येकाला तारत नाही, शिवाय प्रतिकारशक्ती अतिरेकाने भडकण्याचा धोकाही तिच्यात असतो.

ही सावधगिरी इतिहासाने शिकवलेली आहे. १९९० मध्ये अमेरिकेत एका चिमुकलीवर झालेल्या पहिल्या मान्यताप्राप्त जनुकोपचाराने आशा उंचावल्या, पण १९९९ मध्ये तिथेच एका चाचणीत अठरा वर्षांचा तरुण वाहक विषाणूच्या प्रतिक्रियेने दगावला आणि क्षेत्राची गती मंदावली. पहिल्या कार-टी औषधाला अमेरिकेत मान्यता मिळायला २०१७ उजाडले.

आता मात्र खरी अडचण शास्त्राइतकीच पैशाचीही आहे. परदेशात काही कोटींना पडणारा हा उपचार येथे सुमारे चाळीस लाखांत उपलब्ध झाला, आणि त्यामागे सार्वजनिक संस्थांत अनेक वर्षे झालेले संशोधन आहे. परंतु महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचे सर्वसाधारण विमासंरक्षण कुटुंबामागे वर्षाला पाच लाखांचे असल्याने, ज्या नागरिकाच्या करातून या औषधाची पायाभरणी झाली, त्यालाच उरलेल्या पस्तीस लाखांसाठी दारोदार फिरावे लागू शकते.

हा प्रश्न कर्करोगापुरता थांबणार नाही. फाळणीनंतर सिंधी निर्वासितांनी वसवलेल्या ठाणे जिल्ह्यातील उल्हासनगरात थॅलेसेमिया हा चिंतेचा विषय आहे, कारण या आनुवंशिक रक्तविकाराच्या वाहकांचे प्रमाण सिंधी समाजात अधिक आहे. तीव्र आजार असलेल्या मुलांना दर काही आठवड्यांनी रक्त द्यावे लागते. याच विकारावर जनुक-संपादनाच्या, म्हणजे जनुकात नेमका बदल करण्याच्या, औषधाला ब्रिटनमध्ये नोव्हेंबर २०२३ मध्ये मान्यता मिळाली, पण अमेरिकेत त्याची जाहीर किंमत बावीस लाख डॉलर आहे.

म्हणून राज्य शासनाने एकदाच द्यावयाच्या अशा उपचारांसाठी स्वतंत्र निधी उभारावा, त्यातील काही देयक परिणामाशी बांधावे आणि थॅलेसेमियाची विवाहपूर्व वाहक-तपासणीही तितक्याच नेटाने चालवावी. सार्वजनिक पैशाने जन्मलेला उपचार सामान्यांच्या आवाक्याबाहेर राहत असेल, तर त्याला वैज्ञानिक यश म्हणता येईल, आरोग्यसेवेचे यश म्हणता येणार नाही.