साईड स्टँड, डबल स्टँड की लोखंडी कमान?

सायकल घेताना माणूस ब्रेक दाबून बघतो, घंटी वाजवतो, सीट वर-खाली करून घेतो. स्टँड मात्र जो लागून येईल तो. खरं तर कुठलीही सायकल पळण्यापेक्षा उभीच जास्त वेळ असते. लोणंदमध्ये तर कांद्याचा बाजार आहे, पुणे-मिरज मार्गावरचं रेल्वे स्टेशन आहे, शाळा-कॉलेज आहेत. सायकल लावायची कुठे आणि कशाच्या आधारानं, याचा विचार इथे व्हायला हवा.

जुन्या काळ्या सायकलींचा डबल स्टँड आधी घेऊ. पायानं दाबायचा, कॅरिअर धरून सायकल मागे ओढायची, खट्ट आवाज होतो आणि मागचं चाक अधांतरी. स्टँडचे दोन पाय आणि पुढचं चाक असे तीन टेकू मिळतात. कॅरिअरवर कांद्याची गोणी असो, दोन्ही बाजूंना दुधाच्या किटल्या असोत, सपाट जागेवर सायकल हलत नाही. सुऱ्या-कात्र्यांना धार लावणारा तर याच स्टँडवर सायकल चढवतो आणि जागच्या जागी पायडल मारून दगड फिरवतो. त्याचं सगळं दुकान त्या दोन लोखंडी पायांवर उभं. पण स्टँड वजनदार, आणि ओझ्यासकट सायकल मागे खेचायला दंडात जोर लागतो. सहावीतल्या मुलीला दप्तर लावलेली सायकल रोज अशी चढवायला सांगणं म्हणजे छळच.

म्हणून साईड स्टँड लोकप्रिय झाला, आणि त्यात गैर काही नाही. एका पायाचा झटका, काम फत्ते. सायकल डावीकडे थोडी कलते आणि तिचा तोल दोन चाकं व स्टँडचं टोक यांच्या मधल्या त्रिकोणात राहतो. तोल त्रिकोणाबाहेर गेला की खेळ संपला. उजव्या हँडलला भाजीची पिशवी अडकवा किंवा उजवीकडे जरा धक्का लागू द्या, स्टँड असून नसल्यासारखा. उतारावर तोंड चढाकडे करून लावावी लागते, नाहीतर सायकल पुढे सरकते आणि स्टँड आपोआप मिटतो. पावसाळ्यात काळ्या मातीत टोक रुततं, तेव्हा फरशीचा तुकडा किंवा चपटा दगड खाली सरकवायचा, हे शेतकऱ्याच्या पोराला शिकवावं लागत नाही.

खरी पंचाईत एकटीदुकटी सायकल लावण्यात नसते, ती ओळीत लावण्यात असते. शाळेच्या आवारात साईड स्टँडवर खेटून लावलेल्या सायकलींपैकी एक कलंडली की शेजारची जाते, मग तिच्या शेजारची. एकीचं पायडल दुसरीच्या स्पोकमध्ये, हँडल तिसरीच्या ब्रेकच्या वायरीत. शाळा सुटल्यावर पोरं ती गुंतवळ सोडवत बसतात. त्यावर उपाय म्हणून काही संस्था पुढचं चाक अडकवायचे लोखंडी गज बसवतात. हा उपाय मला मुळीच पटत नाही. गज फक्त चाक धरतो. वरून धक्का बसला की सगळा पिळा रिमवर येतो आणि पालकांना चाकाचा आउट काढायला दुकान गाठावं लागतं. शिवाय साखळी लावली तरी ती पुढच्या चाकालाच. चोर बाकीची सायकल खुशाल घेऊन जाऊ शकतो.

जमिनीत रोवलेली, उलट्या यू आकाराची पाईपची कमान याहून बरी. इंग्लंडमधल्या शेफील्ड शहराच्या नावानं ती ओळखली जाते. तिला अख्खी फ्रेम टेकते, दोन बाजूंना दोन सायकली लागतात, फ्रेम आणि चाक एकाच साखळीत बांधता येतं. जिला स्टँडच नाही अशी सायकलही तिथे निमूट उभी राहते. नेदरलँड्समधल्या उत्रेख्त स्टेशनाखाली 2019 साली 12,500 सायकलींचं पार्किंग पूर्ण झालं. तेवढा पसारा आपल्याला नको. पण पुण्याचा अनुभव जवळचा आहे: 2017-18 मध्ये तिथे भाड्याच्या सायकली आल्या, त्या निव्वळ स्टँडवर सोडलेल्या, आणि कितीतरी फुटपाथवर आडव्या पडलेल्या दिसू लागल्या.

तरीही कमानींच्या विरोधात बोलणाऱ्यांचं म्हणणं उडवून लावता येणार नाही. बाजाराचं गाव मोकळ्या जागेवर जगतं. आज सायकली, उद्या गोण्या, परवा टेम्पो. ज्ञानेश्वर महाराजांची पालखी नीरा ओलांडून लोणंदला मुक्कामी येते तेव्हा इंच-इंच जागा वारकऱ्यांना लागते. अंधारात तंबूच्या दोऱ्यांबरोबर लोखंडी कमानीही पायात आल्या तर लोक बांधणाऱ्याचा उद्धार करतील. शिवाय सायकलींसाठी ठेवलेल्या जागेत मोटरसायकली घुसणार नाहीत, याची हमी कोण देणार? सायकल टेकवायला भिंत फुकट असते हेही खरं, पण तिचा मालक हँडलनं उकरलेला रंग बघून केव्हाही हाकलू शकतो.

माझा कल असा: माल वाहणाऱ्यानं डबल स्टँड सोडू नये, दुकानदार साईड स्टँड कितीही गळ्यात मारो. मुलांच्या सायकलींना साईड स्टँड ठीक, पण खाली फरशी असावी आणि दोन सायकलींमध्ये हातभर अंतर. कमानी बाजाराच्या आणि मुक्कामाच्या जागी नकोत. स्टेशनपाशी आणि शाळांच्या आवारात हव्यात, कारण तिथे सायकल दिवसभर मालकाविना उभी असते. जिथे वारीत जागा मोकळी करावी लागते तिथे त्या काँक्रीटमध्ये न गाडता नटबोल्टांवर बसवाव्यात, म्हणजे आषाढाआधी काढून ठेवता येतील. नगरपंचायतीनं आधी स्टेशनबाहेर पाच-सहाच बसवून बघाव्यात, आणि वर्षभरात त्यांना सायकली टेकतात की मोटरसायकली, ते पाहून पुढच्या खर्चाचं ठरवावं.