जाहिरातीचा निवेदक कोण?

कथा-कादंबरी शिकवताना आम्ही वर्गात पहिला प्रश्न विचारतो तो निवेदकाचा. हे कोण सांगत आहे? त्याला किती माहीत आहे, आणि तो ते आपल्याला का सांगत आहे? पदवीच्या दुसऱ्या वर्षापर्यंत मुलांना हे बऱ्यापैकी जमू लागते. लेखक आणि निवेदक एक नव्हेत, निवेदकावर सदैव विश्वास टाकता येत नाही, एवढे तरी त्यांच्या ध्यानात राहते. हीच मुले तासाच्या आधी आणि नंतर (पुष्कळदा तास चालू असतानाही) मोबाइलवर जे वाचतात, ऐकतात आणि पुढे पाठवतात, त्याला मात्र हा प्रश्न कोणी विचारत नाही. त्यातला मोठा भाग व्हिडिओ गेमसंबंधी असतो. गेम चांगले की वाईट, त्यांनी मुले बिघडतात की तल्लख होतात, या वादात आम्हांला येथे शिरायचे नाही. आमचा प्रश्न त्या गेमांच्या जाहिरातीविषयी आहे, आणि तो मुळात साहित्याचाच प्रश्न आहे असे आमचे मत आहे.

सालेकसा तालुक्यात जाहिरात ओळखायला कोणाला कधी अडचण पडली नव्हती. भाऊबीजेनंतर गावोगाव मंडई भरते, रात्री झाडीपट्टीचे नाटक किंवा दंडार असते, आणि त्या दिवशी सकाळपासून भोंगा लावलेली गाडी गल्लोगल्ली हिंडते. नाटकाचे नाव, मंडळाचे नाव, कलावंत, तिकिटाचा दर हे सारे भोंग्यातला आवाज एका ठरलेल्या हेलात सांगत जातो. त्याच्या अतिशयोक्तीवर कोणी रागावत नाही. भोंगा वाढवून सांगणारच, हा उभयपक्षी करार असतो. त्याआधीच्या काळी दवंडीचेही तेच. आवाज कानी पडताक्षणी कळे की हा काहीतरी सांगायला नेमलेला माणूस आहे. विश्वास ठेवायचा की नाही, हे त्यानंतर ज्याचे त्याने ठरवायचे.

गेमच्या धंद्याने समाजमाध्यमांवर हा भोंगाच काढून टाकला आणि त्याचे काम खेळणाऱ्याच्या तोंडी दिले.

याचा पहिला मोठा प्रयोग शेतीवरच झाला, हे आमच्यासारख्या धानपट्ट्यातल्या माणसांना विशेष वाटावे. जून २००९ मध्ये झिंगा या अमेरिकन कंपनीने फेसबुकवर 'फार्मव्हिल' हा खेळ आणला. पडद्यावरच्या तुकड्यात नांगरायचे, पेरायचे, वेळेवर येऊन कापायचे. उशीर झाला तर पीक वाळे. येथवर सारे निरुपद्रवी. पण खेळ चालू असताना खेळाडूच्या नावाने त्याच्या मित्रांपर्यंत निरोप जात: अमक्याच्या शेतात एक वाट चुकलेली गाय आली आहे, तिला तुम्ही आसरा द्याल का? गाय घ्यायची तर आपणही शेत मांडायला हवे. निरोपाखाली नाव मित्राचे, मजकूर कंपनीचा. लोक या निरोपांना इतके कंटाळले की २०१० साली फेसबुकलाच त्यांवर निर्बंध आणावे लागले. तो खेळ ३१ डिसेंबर २०२० रोजी बंद झाला. त्याने घालून दिलेली रीत मात्र राहिली. निवेदकाचे सोंग एवढ्या मोठ्या प्रमाणावर वठवले गेल्याचे दुसरे उदाहरण त्याआधी आम्हांला तरी सापडत नाही.

पुढची पायरी पैशाची. 'शॅडो ऑफ मॉर्डॉर' हा खेळ २०१४ साली बाजारात आला तेव्हा वॉर्नर ब्रदर्सच्या वतीने यूट्यूबवरील नावाजलेल्या खेळाडूंना पैसे देण्यात आले. अट अशी की खेळाविषयी चांगलेच बोलायचे आणि त्यातले दोष दाखवायचे नाहीत. हे सशुल्क आहे अशी ओळ होती, पण व्हिडिओखालच्या वर्णनात, वाचकाने मुद्दाम उघडल्याशिवाय दिसणार नाही अशा जागी. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने याची दखल घेतली आणि जुलै २०१६ मध्ये कंपनीने आयोगाशी तडजोड केली. हे व्हिडिओ ५५ लाखांहून अधिक वेळा पाहिले गेले होते. पाहणाऱ्यांना वाटले, आपल्यासारखाच एक खेळणारा मनापासून बोलतो आहे.

हे परदेशातले, असे म्हणून सोडून देता आले असते. परंतु सप्टेंबर २०१६ मध्ये जिओ आले, आणि मुंबई-हावडा लोहमार्गावर असूनही एरवी फारसे काही न थांबणाऱ्या आमच्या तालुक्यात डेटा मात्र येऊन थांबला. दोन-तीन वर्षांत पबजी हा शब्द मराठी, हिंदी, पोवारी आणि गोंडी बोलणाऱ्या सर्व घरांत सारखाच पोहोचला. एवढी भाषिक एकात्मता आमच्या विषयाला कधी साधली नाही.

२ सप्टेंबर २०२० रोजी केंद्र सरकारने ११८ ॲपांवर बंदी घातली, त्यात पबजी मोबाइल होता. तिसऱ्याच दिवशी, ४ सप्टेंबरला, अभिनेता अक्षय कुमार यांनी ट्विटरवरून 'फौजी' या भारतीय खेळाची घोषणा केली. निव्वळ उत्पन्नाचा २० टक्के वाटा 'भारत के वीर' निधीला देण्याचे वचन त्या घोषणेतच होते. खेळ अद्याप कोणी पाहिलेला नव्हता. तो आला २६ जानेवारी २०२१ रोजी. मधल्या पावणेपाच महिन्यांत त्याची चर्चा करणारे सारे जण न पाहिलेल्या वस्तूची भलावण करत होते, आणि ती करताना आपण देशप्रेम व्यक्त करतो आहोत अशी त्यांची प्रामाणिक समजूत होती. हाती आल्यावर खेळ पुष्कळांना तोकडा वाटला. निधीला पैसे देण्यात गैर काही नाही. पण गलवानच्या घटनेनंतर लोकांच्या मनात जी भावना होती तिला तयार निवेदन पुरवून ते फुकट पसरवून घेणे, हे कौशल्य कोणत्या खात्यात मांडायचे याचा विचार वाचकांनीच करावा.

पबजीची निर्माती क्राफ्टन ही कोरियन कंपनी मे २०२१ मध्ये 'बॅटलग्राउंड्स मोबाइल इंडिया' या नावाने परतली. तिची रीत अधिक सूक्ष्म, आणि समीक्षेच्या अभ्यासकांनी पाहण्याजोगी होती. नावात पबजी हा शब्द नाही. समाजमाध्यमांवर एका वेळी एकच तुकडा टाकायचा: जुन्या नकाशातल्या एखाद्या जागेचे अर्धवट चित्र, एखादी पाठपिशवी. जुना खेळाडू ते पाहताच ओळखे आणि इतरांना सांगत सुटे. वोल्फगांग इझर या जर्मन समीक्षकाने संहितेतल्या रिकाम्या जागांचा सिद्धान्त मांडला. संहिता जे सांगत नाही ते वाचक भरून काढतो आणि म्हणून ती संहिता त्याची स्वतःची होते. एम. ए.च्या वर्गात हा सिद्धान्त समजावताना आमची दमछाक होते. क्राफ्टनच्या जाहिरात विभागात कोणी इझर वाचला असण्याची शक्यता कमी, पण रिकाम्या जागा कोठे सोडायच्या हे त्यांना नेमके कळले होते. जे कंपनीने स्वतः म्हणणे अडचणीचे होते ते, म्हणजे 'पबजी परत येतो आहे' हे वाक्य, लाखो मुलांनी म्हटले. १८ मे रोजी पूर्वनोंदणी खुली झाली, पहिल्याच दिवशी ७६ लाख नोंदी झाल्याचे कंपनीने जाहीर केले, आणि दोन आठवड्यांत आकडा २ कोटींवर गेला. नोंदणी करणाऱ्याला काय मिळणार? खेळातल्या बाहुल्याचा एक मुखवटा, एक पोशाख, एक किताब आणि ३०० नाणी, अर्थात खेळातलीच.

पुढे जुलै २०२२ मध्ये हा खेळही सरकारने दुकानातून हटवला आणि मे २०२३ मध्ये तो पुन्हा आला. मधले दहा महिने कंपनीची बाजू कोण मांडत होते, हे ज्यांच्या घरात सोळा-सतरा वर्षांचा मुलगा आहे त्यांना आम्ही सांगायला नको.

आता भाषेचा मुद्दा. तासन्‌तास खेळत खेळत बोलणारा जो स्ट्रीमर असतो, त्याला मुले 'भाई' म्हणतात. आमच्याकडे भाऊ हे नाते कोणालाही चटकन लावले जाते, त्यामुळे त्यात कोणाला वावगे वाटत नाही. हा भाई रोज भेटतो, बोलता बोलता एखाद्याचे नाव घेतो, थट्टा करतो, हरला तर खट्टू होतो. वर्षभराच्या अशा सहवासानंतर तो एके दिवशी म्हणतो की हा नवा खेळ उतरवून घ्या, तेव्हा ते वाक्य जाहिरातीच्या सुरात येतच नाही. घरातल्या थोरल्याच्या सुरात येते. एप्रिल २०२४ मध्ये पंतप्रधानांनी ज्या सात गेमरांशी संवाद साधला त्यांत मिथिलेश पाटणकर हे मराठी आडनाव होते, आणि पायल धारे या आमच्या शेजारच्या मध्य प्रदेशातल्या छिंदवाड्याकडच्या. या मंडळींनी मिळवलेले यश कष्टाचे आहे. पण पाटणकरांचे चॅनल हिंदीत चालते. बाजार हिंदीचा आहे. मराठीतून हे विकलेही जात नाही आणि तपासलेही जात नाही. पहिल्याचे आम्हांला फारसे दुःख नाही, दुसऱ्याचे आहे.

आक्षेप घेता येईल की तोंडी प्रसिद्धी काही आजची नव्हे. चांगले नाटकही लोक एकमेकांना सांगूनच चालते. हे खरेच आहे. 'अमंग अस' हा छोटा खेळ जून २०१८ मध्ये निघाला, दोन वर्षे जवळजवळ कोणाच्या गावी नव्हता, आणि २०२० च्या टाळेबंदीत स्ट्रीमरांनी आपण होऊन खेळायला घेतल्यावर जगभर गेला. आपल्या पुण्यातल्या 'नॉडिंग हेड्स' या छोट्या चमूने 'राजी' हा भारतीय पुराणकथांवर आधारलेला देखणा खेळ केला. २०१७ मध्ये लोकवर्गणीतून पैसा उभारण्याचा त्यांचा प्रयत्न फसला, तरी २०२० साली खेळ पूर्ण होऊन आला. अशांना समाजमाध्यमे नसती तर जगात कोणी ओळखले असते? पुण्याच्याच 'सुपरगेमिंग'ने 'इंडस' या खेळाची पूर्वनोंदणी २०२३ च्या जानेवारीत सुरू केली आणि खेळ आणला ऑक्टोबर २०२४ मध्ये, तोवर नोंदणी १ कोटीच्या वर गेली होती. निवडक खेळाडूंना आधी खेळायला देणे, त्यांच्या सूचना घेणे, हे त्यांनी उघडपणे केले. आम्ही हे नाकारत नाही. मंडईतून परतलेला माणूस नाटकाची तारीफ करतो तेव्हा त्याने नाटक पाहिलेले असते, आणि तारीफ करण्याबद्दल त्याला काही मिळालेले नसते. या दोन गोष्टींपैकी एक जरी बदलली तरी निवेदक बदलतो. पूर्वनोंदणीत पहिली बदलते, 'तीन मित्रांना आणा आणि बक्षीस घ्या' या योजनेत दुसरी.

नियम आहेत. मुंबईच्या जाहिरात मानक परिषदेने जून २०२१ पासून इन्फ्लुएन्सरांना सशुल्क मजकुरावर तशी खूण करणे बंधनकारक केले, आणि ती खूण इंग्रजीत किंवा जाहिरातीच्या भाषेत हवी असेही सांगितले. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने ऑनलाइन गेमिंगचा कायदा केला. पैसे लावून खेळायचे खेळ आणि त्यांच्या जाहिराती त्याने बंद केल्या. (त्याआधी महिनाभर, जुलैमध्ये, विधिमंडळात मोबाइलवर रमी दिसल्याच्या आरोपावर राज्याच्या तेव्हाच्या कृषिमंत्र्यांनी आपण खेळत नव्हतो, मध्येच आलेला तो खेळ बाजूला सारत होतो असा खुलासा केला होता. तो खरा मानला तर समोर आलेले मंत्र्यांनाही चटकन सारता येत नाही, असा त्याचा अर्थ होतो.) परंतु हे सारे नियम ज्याला पैसे मिळतात त्याला बांधतात. ज्याला तीनशे खोटी नाणी मिळतात, किंवा तीही मिळत नाहीत, त्या सालेकशाच्या मुलाने गावच्या गटात टाकलेल्या निरोपावर कोणती खूण असणार? तो स्वतःला जाहिरातदार समजतच नाही. त्याने आपला शब्द वापरला, आपली मैत्री खर्चली, आणि खेळातल्या खऱ्या पैशांच्या वस्तू ज्या मित्राने बापाच्या खात्यातून घेतल्या त्या मित्राशी उद्या भांडण झाले तर तेही त्याचेच. कंपनी या कथेत कोठेच उपस्थित नसते.

यावर मोबाइल काढून घेण्याचा उपाय आम्ही सुचवणार नाही. तो आमच्या वर्गातही यशस्वी झालेला नाही. बहुतेक विद्यापीठांच्या उपयोजित मराठीच्या अभ्यासक्रमात जाहिरातलेखन आहे. विद्यार्थी साबणाची, कोचिंग क्लासची, कृषी प्रदर्शनाची जाहिरात लिहून दाखवतो आणि गुण मिळवतो. जाहिरात वाचण्याचा भाग त्यात नाही, आणि आज वाचण्याची जाहिरात वर्तमानपत्रातल्या चौकटीत राहिलेली नाही. आमची सूचना लहान आहे. विद्यार्थ्याने स्वतः मागच्या महिन्यात पुढे पाठवलेला एक गेमविषयक निरोप घ्यावा आणि त्यात बोलणारा कोण, ऐकणारा कोण, मजकूर मूळ कोणाचा, आणि पाठवण्यापूर्वी आपण तो खेळ खेळलो होतो का, एवढे लिहावे. अभ्यासमंडळांनी यासाठी पाच गुण काढून ठेवले तरी पुरेत. साबणाच्या जाहिरातीतून ते सहज निघतील.