रसग्रहण



बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे, आणि खरं सांगायचं तर भांडायलाच बसले आहे.

आधी नातेवाइकांसाठी खुलासा. होय, घरच्या ग्रुपवर फिरलेल्या त्या फोटोत सुती साडी, पायात कॅनव्हासचे बूट आणि हातात काचेचा पेला घेतलेली बाई मीच. वय वर्षं ७४. पेल्यात वाईनच होती, कोकम सरबत नव्हे. वन्संनी लगेच फोन केला, "अगं, शाळेत बाई होतीस ना तू?" होते ना! पण वन्सं, चव घ्यायची म्हणजे घोट तोंडात घोळवायचा आणि समोरच्या भांड्यात थुंकायचा. आमच्या आजोबांच्या बैठकीत पान खाणाऱ्यांसाठी पितळी तस्त असायचं, तसंच तिथे ठेवलेलं असतं. मी सगळे घोट तस्ताच्या स्वाधीन केले. वाईन ही दारूच आहे, शेतमाल म्हटल्याने तिचं सरबत होत नाही, हे माझं मत कायम आहे. आणि तुम्ही रोज रात्री दोन चमचे द्राक्षासव घेता ना, त्यातही आंबून तयार झालेला अल्कोहोल असतो. बाटलीवर छापलेलं असतं, चष्मा लावून वाचा. असो.

माझं भांडण वन्संशी नाही. ते आहे माझ्या लेकीने त्या दिवशी उच्चारलेल्या एका वाक्याशी. "आई, या गोष्टींना मराठीत शब्दच नाहीत गं."

झालं असं. ऑकलंडला लेकीकडे तीन महिने राहायला गेले होते. २०२५च्या फेब्रुवारीत एका शनिवारी लेक आणि जावई मला वायहेके बेटावर घेऊन गेले. ऑकलंडच्या धक्क्यावरून बोटीने साधारण चाळीस मिनिटं. बेट लहानसंच, ९२ चौरस किलोमीटरचं. उतरल्यावर एक छोटी गाडी, आम्ही दहा जण, आणि दिवसभरात तीन द्राक्षबागा. गाडी चालवणाऱ्या बाईच माहिती सांगत होत्या. त्यांनी "किआ ओरा" म्हणून स्वागत केलं आणि बेटाचं जुनं माओरी नाव सांगितलं, ते मोटु आराइ रोआ, म्हणजे आडोसा देणारं लांब बेट. ऑकलंडपेक्षा इथली हवा थोडी उबदार आणि कोरडी. १९७८ साली गोल्डवॉटर नावाच्या दांपत्याने इथे द्राक्षवेली लावल्या आणि त्यानंतर बागा वाढत गेल्या. आता लोक लांबून चव घ्यायला येतात.

माझं माहेर निफाड तालुक्यातलं. दादाची बाग आहे. त्यामुळे बागेत शिरल्यावर मला परकं वाटलंच नाही. पक्ष्यांपासून घड वाचवायला ओळींवर पांढरी जाळी घातलेली. मी वाकून बघितलं. ओलांडा, काड्या, घड, सगळं ओळखीचं. मी विचारलं, छाटणी कधी करता? म्हणाल्या, वर्षातून एकदा, हिवाळ्यात, म्हणजे त्यांच्या जुलै-ऑगस्टात. मी सांगितलं, आमच्याकडे दोनदा. एप्रिलमध्ये खरड छाटणी, ऑक्टोबरमध्ये गोड्या बहाराची छाटणी. आमच्याकडे खरा हिवाळा नाही, वेल पुरती झोपतच नाही, म्हणून तिला दोनदा कात्री लावावी लागते. त्या बाई थक्क झाल्या. आणि माझी लेक दुभाषाचं काम करता करता अडखळली. तिला 'खरड छाटणी' माहीत नव्हतं. मामाच्या बागेत लहानपणी सुट्ट्या घालवलेली पोर!

मग चव घ्यायचं काम सुरू झालं. एक लांब टेबल, प्रत्येकापुढे चार पेले आणि एक छापील कागद. कागदावर प्रत्येक वाईनपुढे शब्द. ब्लॅककरंट, सीडार, तंबाखू, गूजबेरी. सगळे कागदात बघायचे, पेल्यात नाक घालायचे आणि माना डोलवायचे. आमच्यात मूळचे पुण्याचे एक गृहस्थ होते, बरीच वर्षं तिकडेच असलेले. ते डोळे मिटून म्हणाले, "वा, ब्लॅककरंट!" मी हळूच विचारलं, "तुम्ही ब्लॅककरंट खाल्लंयत का हो कधी?" बिचारे प्रामाणिक होते. म्हणाले, "आइस्क्रीममध्ये."

हसू नका. आपल्याकडे निम्म्या लोकांना ब्लॅककरंट म्हणजे काळे मनुके वाटतात. ते नव्हेत. काळा मनुका म्हणजे सुकवलेलं द्राक्ष. ब्लॅककरंट हे थंड प्रदेशातल्या झुडपाचं वेगळंच फळ. तीच गत गूजबेरीची. शब्दकोश बघून आपण तिला आवळा म्हणून मोकळे होतो, आणि आवळ्याचा आणि त्या फळाचा काडीचा संबंध नाही. म्हणजे जी चव जिभेवर आहे तिला नाव कुठलं, तर न खाल्लेल्या फळाचं, आणि तेही चुकीचं समजलेलं! याला चव घेणं म्हणायचं की पाठांतर?

माझी पाळी आली. मी कागद उलटा ठेवला. पांढऱ्या वाईनचा वास घेतला आणि म्हटलं, "पेरू. पिकून घरभर वास सुटलेला पेरू." लेक कुजबुजली, "आई, नुसतं 'नाइस' म्हण ना." आणि मग ते वाक्य, मराठीत शब्दच नाहीत गं. पण वाईन ओतणाऱ्या बाईंनी ऐकलं होतं. त्यांनी विचारलं, लेकीने नाइलाजाने भाषांतर केलं, आणि त्या म्हणाल्या, अगदी बरोबर. पेरूच्या वासात जी गंधकयुक्त द्रव्यं असतात, त्याच जातीची द्रव्यं सोव्हिन्यों ब्लां नावाच्या या द्राक्षाचा रस आंबताना तयार होतात. माझं नाक अंदाज करत नव्हतं मंडळी, ते खरं सांगत होतं.

मग लाल आली, सिरा जातीच्या द्राक्षाची. मी म्हटलं, करवंद. मागून मिरी. आणि शेवटी जांभळासारखं तुरट. मिरीचंही तेच. सिराच्या द्राक्षात आणि काळ्या मिरीत एकच गंधद्रव्य सापडतं, ते ऑस्ट्रेलियातल्या संशोधकांनी २००८ साली दाखवून दिलं. आता मिरी कोणाची, सांगा? मलबारची. शतकानुशतकं जग आपल्या किनाऱ्यावर मिरी न्यायला आलं, आणि आम्ही मिरीचा वास ओळखायला परक्या कागदाची वाट बघतो!

आणि 'तुरट'. या एका शब्दासाठी मी कोणाशीही भांडेन. लाल वाईनमध्ये टॅनिन असतं. ते लाळेतल्या प्रथिनांना धरतं, म्हणून तोंड कोरडं पडल्यासारखं, आवळून आल्यासारखं होतं. कच्चं केळं, सुपारी, कोरा चहा, जांभूळ, सगळीकडे हाच प्रकार. आपल्याकडे चरकाच्या काळापासून रस सहा. गोड, आंबट, खारट, तिखट, कडू आणि तुरट. पहिलीतल्या पोरालाही तुरट कळतं. इंग्रजीत त्याला शब्द आहे, पण तो शास्त्राच्या पुस्तकातला. तिथल्या शाळेत शिकवतात त्या मूळ चवींत तुरट नाहीच. त्यामुळे टेबलावरची मंडळी आपल्या तोंडाला काय झालंय ते सांगायला धडपडत होती आणि माझ्याकडे शब्द तयार होता. तरी गप्प बसायचं मीच?

शब्द नाहीत म्हणे! वाईन पाणचट लागली तर तो दोष आहे, शब्द आपल्याकडे आहे. बूच खराब असलं की वाईनला पावसाळ्यात न वाळलेल्या कपड्यांचा वास येतो. त्याला आपण कुबट म्हणतो. लाकडी पिंपाला आतून आच दिलेली असते, त्याची चव खरपूस. आंबटाच्या तर किती तऱ्हा! आंबूस, आंबटसर, आंबटगोड, आंबटचिंबट, आणि पुढे दात आंबेपर्यंत. उग्र, धुरकट, कडसर, मिळमिळीत, खवट. दरवळ वेगळा, घमघमाट वेगळा, दर्प वेगळा, भपकारा वेगळा. ज्या भाषेने वासाला इतके शब्द दिले तिला आपण मुकी ठरवतो?

यावर लेकीचं म्हणणं असं की वाईन त्यांची, म्हणून शब्दही त्यांचेच. हे मला मान्य नाही. ते शब्द काही आकाशातून पडलेले नाहीत. कॅलिफोर्नियात डेव्हिसच्या विद्यापीठात अ‍ॅन नोबल या प्राध्यापक बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८४ साली वाईनच्या वासांची शब्दावली मांडली. तिचंच पुढे प्रसिद्ध चक्र झालं. त्यात शब्द कोणते घेतले? तिथल्या माणसाला बाजारात मिळतील, हुंगून बघता येतील अशा वस्तूंचे. म्हणजे त्यांनी आपल्या फळीवरचे डबे उघडले. आपण आपले उघडावेत, एवढंच तर म्हणते आहे. आणि १९०८ साली इकेदा नावाच्या जपानी शास्त्रज्ञाने एक चव वेगळी काढून दाखवली आणि तिला आपल्या भाषेत 'उमामी' म्हटलं. आज सगळं जग निमूटपणे उमामी म्हणतं. त्याने नाही विचारलं, आमच्या भाषेतला शब्द चालेल का म्हणून.

दुसरीकडचे शूर वीरही मला नकोत. ते वाईनला काहीतरी संस्कृतप्रचुर नाव देतील, पेल्याला चषक म्हणतील आणि भाषा वाचली म्हणून टाळ्या वाजवतील. वाईनला वाईन म्हणा, टॅनिनला टॅनिन म्हणा. बाहेरून आलेल्या वस्तूचं नाव तिच्याबरोबर आलं तर बिघडत नाही. पण तुमच्या जिभेला काय वाटलं, ते बाहेरून येऊ शकत नाही. ते उसनं घेतलंत तर जीभच उसनी झाली. ऑक्टोबर २०२४ मध्ये मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मिळाला तेव्हा आपण सगळ्यांनी पेढे वाटले. वाटलेच पाहिजेत. पण दर्जा कागदावर मिळाला. जिभेवरचा दर्जा दिल्लीहून येत नसतो.

आता माझ्यावर येते, कारण तिथे बसल्या बसल्या मला एक गोष्ट आठवली आणि पुढचा घोट काही गोड लागला नाही.

मी ३४ वर्षं मराठी शिकवलं. दहावीला कवितेवर 'रसग्रहण करा' असा प्रश्न असतो. केवढा सुंदर शब्द! रस घेणं. आणि आम्ही काय करायला लावलं? मार्गदर्शकातली वाक्यं पाठ करायला. 'नादमधुर शब्दरचना', 'समर्पक प्रतिमा', 'मनाला भिडणारा आशय'. कविता कुठलीही असो, वाक्यं तीच. १९८०च्या दशकात एका मुलीने पेपरात लिहिलं होतं की ही कविता कच्च्या चिंचेसारखी आहे, आधी दात आंबतात आणि मग पुन्हा खावीशी वाटते. मी लाल शाईने लिहिलं, 'हे रसग्रहण नव्हे', आणि पाचापैकी एक मार्क दिला. पाठांतर करणारीला चार दिले.

वायहेकेच्या टेबलावर कागदात बघून माना डोलवणारे ते गृहस्थ कोणाचे विद्यार्थी होते? माझेच. माझ्यासारख्या शेकडो बाईंचे आणि सरांचे. आणि माझी लेकही माझ्याच वर्गात दोन वर्षं होती. आपल्या शब्दांना मार्क मिळत नाहीत, हे तिला मीच शिकवलं. मग ती म्हणते शब्दच नाहीत, यात तिचं काय चुकलं?

परतीच्या बोटीत आम्ही दोघी फारसं बोललो नाही. माओरी आजी-आजोबांची गोष्ट मला जावयांनी आधी सांगितली होती. भाषा मरते आहे असं दिसल्यावर १९८२ पासून त्यांनी 'कोहांगा रेओ', म्हणजे भाषेची घरटी सुरू केली. म्हाताऱ्या माणसांनी लहानग्यांशी दिवसभर आपल्याच भाषेत बोलायचं. व्याकरण नाही, खाणंपिणं, खेळणं, रागावणं, सगळं त्या भाषेत.

रात्री नातीला स्वयंपाकघरात बसवलं. ती नऊ वर्षांची. मराठी समजतं, उत्तर इंग्रजीत देते. तिला लिंबाची फोड दिली, मेथीचे दाणे दिले, कच्च्या केळ्याचा तुकडा दिला. (वाईन नाही, वन्सं!) केळ्याला तिने असं काही तोंड केलं की लेकसुद्धा हसली. मी म्हटलं, "हे तुरट." तिने आईकडे बघून इंग्रजीत विचारलं, याला आपण काय म्हणतो? माझी लेक क्षणभर थांबली आणि म्हणाली, "तुरट."

मंडळी, मागणी मोठी नाही. घरातल्या पोराला ताटात वाढलेलं कसं लागलं ते विचारा, आणि 'छान' या उत्तरावर त्याला सोडू नका. चुकीचा शब्द वापरला तर हसू नका. मी हसले नव्हते, त्याहून वाईट केलं होतं.

आणि ती चिंचवाली मुलगी, आता तीही पन्नाशी ओलांडून गेली असेल. बाळ, पाचापैकी पाच.