धडधड प्रेमाची की भीतीची?

ऑफिसमधली नवी पोरं जेवणाच्या सुट्टीत माझ्याकडे मन मोकळं करतात. मी त्यांच्याहून दहा-बारा वर्षांनी मोठा, त्यामुळे "भाई, एक विचारू का?" अशी सुरुवात होते. पुढचं मला पाठ झालंय. कुणीतरी आवडलंय, मेसेज गेलाय, निळ्या टिक आल्यात, उत्तर नाही. भूक नाही, झोप नाही, कोडमध्ये लक्ष नाही.

यात लाजण्यासारखं काही नाही. पण ही धडधड सगळीच प्रेमाची असते का?

१९७४ साली डटन आणि ॲरन या मानसशास्त्रज्ञांनी कॅनडातला एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॅपिलानो नदीवर सुमारे ७० मीटर उंचीवर झुलता पूल आहे. तो ओलांडणाऱ्या पुरुषांना एका तरुणीने प्रश्न विचारले आणि आपला फोन नंबर दिला. दुसऱ्या एका भक्कम, कमी उंचीच्या पुलावरही तेच केलं. नंतर तिला फोन करणाऱ्यांत झुलत्या पुलावरचे जास्त निघाले. भीतीने वाढलेले ठोके त्यांनी आकर्षणाच्या खात्यात जमा केले, असा त्याचा अर्थ लावला गेला.

आता आपल्या मोहल्ल्यात या. नाव बदलून नंबर सेव्ह करायचा, घरात फोन पालथा ठेवायचा. अब्बांना कळलं तर? बिरादरी वेगळी निघाली तर? मुलीला तर कॉलेजच बंद होण्याची धास्ती. आपणच पोरांना झुलत्या पुलावर उभं करतो आणि त्यांनी घाईने निर्णय घेतला की त्यांनाच बोल लावतो. माझं मत स्पष्ट आहे: "अम्मी, मला कुणीतरी आवडतं" हे वाक्य घरात न घाबरता बोलता आलं पाहिजे. भीती उतरली की मागे काय उरतं, ते त्या पोराला किंवा पोरीला शांतपणे बघता येईल.

तरुणांनाही एक सांगायचंय. बुखारीत बरीरा आणि मुगीस यांची हकीकत आहे. गुलामीतून मुक्त झाल्यावर बरीराने पतीपासून वेगळं होणं निवडलं. मुगीस रडत तिच्यामागे फिरत असे. प्रेषितांनी (स.) तिला परत जाण्याविषयी सुचवलं. ही आज्ञा आहे का, असं तिने विचारलं. आज्ञा नाही, फक्त शिफारस आहे, असं कळल्यावर तिने नकार दिला. तो नकार मानला गेला.

म्हणून विचारायचं ते एकदा, सरळ आणि अदबीने विचारा. "नाही" आलं तर थांबा. उत्तरच आलं नाही, तरी थांबा. मुलीने नको म्हटल्यावरही पुन्हापुन्हा संपर्क साधणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे. पण थांबायचं ते कलमाच्या धाकाने नको, समोरच्या माणसाची कदर म्हणून थांबा. तुमची धडधड खरी असेल, पण तिचं उत्तर देणं ही समोरच्याची जबाबदारी नाही.