गाडी मोठी म्हणून रस्ता आपला?

सुट्टीत ऑस्ट्रेलियाला जाऊन आले म्हटल्यावर आमच्या विंगमधल्या मुलींनी पहिली मागणी केली ती सिडनीच्या ऑपेरा हाउससमोरच्या फोटोंची. माझ्याकडे निघाली लाल माती, लाल दगड आणि लाल धुळीने माखलेली मामाची गाडी. "एवढ्या लांब जाऊन हे?" हो, हेच! आणि त्यावरच लिही असं मराठी विभागाच्या सरांनी सांगितलंय, तेव्हा मित्रमैत्रिणींनो, कॉन्व्हेंटवालीचं मराठी गोड मानून घ्या.

मामा अ‍ॅडलेडला असतो. जूनच्या शेवटी, म्हणजे तिकडच्या हिवाळ्यात, तो, मामी आणि मी त्याच्या फोर-व्हील-ड्राइव्हने ऊडनाडट्टा ट्रॅकवर गेलो. मरी ते मार्ला असा सुमारे ६२० किलोमीटरचा हा कच्चा रस्ता जुन्या 'घान' रेल्वेच्या कडेकडेने जातो. ती लाइन १९८० साली बंद झाली. आजूबाजूला सगळी 'स्टेशनं'. मला वाटलं, रेल्वेचीच असणार. पण तिकडे स्टेशन म्हणजे गुरं पाळायचं प्रचंड मोठं रान. त्यातलं अ‍ॅना क्रीक हे जगातलं सर्वात मोठं समजलं जातं. पंधरा हजार चौरस किलोमीटरच्या वर, म्हणजे आपल्या पुणे जिल्ह्याएवढं एकच कुरण! आणि ही जमीन मुळात अरबाना लोकांची. त्यांचा पारंपरिक हक्क कोर्टाने मान्य केला तो २०१२ मध्ये.

मी मेकॅनिकलची. त्यामुळे जाताना सगळं लक्ष गाडीवर. लो रेंज आहे का, डिफरन्शियल लॉक कुठे आहे, वगैरे. मामाने मरी सोडताना पहिलं काम काय केलं, तर चारही टायरमधली हवा कमी केली. कच्च्या रस्त्यावर पन्हाळी पत्र्यासारख्या आडव्या लाटा पडलेल्या असतात. हवा कमी केली की टायर जमिनीवर पसरतो, दणके कमी बसतात, दगडाने फाटायची भीती कमी होते. पण मग वेगही कमी ठेवावा लागतो, नाहीतर टायर तापतो. चार चाकांना ताकद देणारी गाडी, आणि पहिला धडा हवा सोडण्याचा!

पहिली रात्र कवर्ड स्प्रिंग्जला तंबूत काढली. तिथे रेल्वेच्या काळात खणलेल्या बोअरचं कोमट पाणी पंपाशिवाय आपोआप वर येतं. ऑस्ट्रेलियाच्या पाचव्या हिश्शाहून जास्त भागाखाली हे दाबाखालचं पाणी आहे, आणि या कोरड्या भागात गुरं जगतात ती मुख्यतः त्याच्यावर.

हे कळूनही दुसऱ्या दिवशी मी घोळ घातलाच. परवानगी घेऊन आम्ही एका स्टेशनच्या आतल्या वाटेवर शिरलो होतो. एक फाटक सताड उघडं होतं. मी उतरले, गाडी आत घेतली आणि फाटक नीट लावलं. घरी आणि शाळेत दोन्हीकडे 'दार लावून घे' ऐकत वाढलेली मुलगी मी! मामाने आरशात पाहिलं आणि गाडी थांबवली. "अगं, उघडं होतं ना? मग उघडंच ठेवायचं." कारण आतलं कुरण आणि पाण्याचं टाकं यांच्यामध्ये तेच फाटक असू शकतं. उन्हाळ्यात एका मोठ्या जनावराला दिवसाला पन्नास लिटरच्या वर पाणी लागतं, आणि मालक त्या बाजूला पुन्हा कधी फिरकेल याचा नेम नाही. चालत परत गेले आणि उघडून आले. लाज वाटली, खरं सांगते.

त्या संध्याकाळी विल्यम क्रीकला पोचलो. एक हॉटेल, एक धावपट्टी आणि मोजून दहा-बारा माणसं. रात्री पाऊस पडला. आपल्याकडे ज्याला पाऊस म्हणायची लाज वाटेल एवढाच. सकाळी रस्ता बंद असल्याची पाटी! माझं परतीचं विमान चार दिवसांवर, कॉलेज सुरू होत होतं, आणि अटेंडन्सची काय दहशत आहे ते तुम्हाला सांगायला नको. मी मामाच्या मागे लागले. एवढी गाडी आहे, डिफ लॉक आहे, मग घाबरतोस कशाला? मामा ढिम्म.

उत्तर दिलं ते हॉटेलात चहा पीत बसलेल्या ग्रेडरवाल्याने. म्हणाला, तुम्ही जाल हो पलीकडे. पण चिखलात तुमच्या गाडीच्या चाकोऱ्या पडतील, उन्हात सिमेंटसारख्या वाळतील. मग गुरांनी भरलेले लांबलचक ट्रक त्यावरून जाणार, आणि स्टेशनवर कुणी आजारी पडलं तर विमानाच्या धावपट्टीपर्यंत त्याला त्यावरूनच न्यायचं. १९२८ पासून तिकडे डॉक्टर विमानाने येतात, पण विमानापर्यंतचा रस्ता हाच.

मला तोवर वाटत होतं की रस्ता बंद करतात तो आपल्या काळजीपोटी. म्हणजे धोका आपला, तर निर्णयही आपला. मुळात इथेच आपलं चुकतं असं माझं मत आहे. आपली गाडी निघू शकते की नाही हा प्रश्न इंजिनिअरिंगचा, आणि त्याचं उत्तर बऱ्याचदा 'हो' असतं. पण आपण निघून गेल्यावर त्या रस्त्यावर रोज ये-जा कुणाची, हे शोरूममध्ये कुणी सांगत नाही. आपण तंबू, कॅमेरा आणि डबाबंद राजमा घेऊन चार दिवस 'अ‍ॅडव्हेंचर' करायला जातो, ते त्या लोकांचं कामाचं ठिकाण असतं.

दोन दिवसांनी रस्ता उघडला. पुढे अल्जेबकिनाला १८९२ सालचा ५७८ मीटर लांबीचा लोखंडी रेल्वेपूल पाहिला. खाली नदी म्हणजे नुसती डबकी. तरी एवढा पूल बांधावा लागला, आणि पुराने ही लाइन तरीही ठिकठिकाणी वाहून जायचीच. विमान अर्थातच चुकलं. तिकीट बदलायला किती पैसे पडले ते मामाने अजून सांगितलेलं नाही, आणि डिफॉल्टर यादीत माझं नाव नोटीस बोर्डावर तुम्ही वाचलं असेलच.

आता दुसऱ्या यादीबद्दल. बॉइज हॉस्टेलमधून दर पावसाळ्यात दोन-तीन जीप घेऊन घाटाखालच्या गावांत 'ऑफ-रोडिंग'ला जायची टूम निघते. गेल्या वर्षी मीही गेले होते. ज्या वाटेवर आपण चिखल उडवत आरडाओरडा केला, ती वाट शेतावर जायची होती. कडेला डोक्यावर इरलं घेऊन एक आजी आपण जाईपर्यंत थांबल्या होत्या, ते मला आत्ता आठवतंय. यंदाच्या यादीत माझं नाव आधीच लिहिलंय असं कळलं. ते काढा. वाट डांबरी असेल तर मात्र येते, भजी माझ्याकडून.